मधल्या पिलरचा डाग

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधे एक उभा खांब असतो. सीटबेल्ट त्यालाच लटकलेला असतो. त्या खांबाला काही नाव असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या लेखी ती डागाची जागा होती.

डाग आमच्या ह्यांचा. ह्यांचं नाव अजिनाथ. जन्मात मी ते तोंडानं दोनदा घेतलं. एकदा लग्नातल्या उखाण्यात, आणि एकदा पोलिसानं विचारलं तेव्हा.

हे शिर्डीत भाविकांची गाडी चालवायचे. स्टेशनवरून, विमानतळावरून माणसं आणायची, मंदिरापाशी सोडायची, आणि ती दर्शनाच्या रांगेत गेली की पार्किंगमधे वाट बघायची. वाट बघणं म्हणजे झोपणं. सीट जरा मागं घ्यायची, मान उजवीकडं टाकायची आणि डोकं त्या खांबाला लावायचं. डोक्याला खोबरेल तेल, तेही असं की वाटीत बुडवून काढलंय जणू. खांबावरच्या राखाडी प्लास्टिकवर तळहाताएवढा काळपट डाग पडला होता. मी तो साबणानं घासला, लिंबानं घासला, खायच्या सोड्यानं घासला. डाग जरा फिका व्हायचा, आणि गुरुवारची गर्दी होऊन गेली की पुन्हा आपल्या जागी हजर. गिऱ्हाईक बसतं गाडीत, काय म्हणत असेल, असं मी रोज बोलायचे.

‘राहू दे गं,’ हे म्हणायचे. ‘ती माझी उशी हाय.’

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. ह्यांचं लहानपण उसाच्या फडात गेलं. आईबाप ऊस तोडायचे, हे मोळ्या बांधायचे, आणि हंगाम संपला की गावी येऊन शाळेत मागच्या बाकावर झोपायचे. झोपायची सवय तिथलीच. मोठेपणी हातात स्टिअरिंग आलं तेव्हा ह्यांनी ठरवलं की आता कोयत्याला शिवायचं नाही. राहात्याला बिऱ्हाड केलं. आधी दुसऱ्याच्या गाडीवर राबले, मग स्वतःची घेतली. गाडी दारात आली त्या दिवशी पेढे वाटताना सगळ्यांना सांगत होते, सुटलो एकदाचा उसातनं.

उसाला मात्र माणूस लक्षात राहतो. मागच्या हंगामात, दिवेलागणीला, माणसं सोडून हे घरी येत होते. शेतातल्या वाटेवरून उसाचा ट्रॅक्टर मागं दोन ट्रॉल्या घेऊन न थांबता हमरस्त्यावर आला आणि गाडीच्या उजव्या बाजूवर आदळला. गाडीचं नाक शाबूत, दिवे शाबूत, काचेवरचे साईबाबा शाबूत. फक्त उजवी कूस आत गेली. मला लोकांनी सांगितलं, वेळ लागला नाही हो, त्रास झाला नाही. असं सगळ्यांनाच सांगतात. मी ते धरून ठेवलंय.

दशक्रियेला पुणतांब्याला गेलो, गोदावरीच्या काठी. आम्हाला एकच मुलगी, दिशा, म्हणून विधी माझ्या दिरानं, अंगदनं केले. पिंड ठेवला, सगळे मागं सरले, आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर चांगले पाच-सहा बसलेले. बघत होते आमच्याकडं, पण हलत नव्हते. ऊन चढायला लागलं. मग नेहमीप्रमाणे एकेकानं शब्द द्यायला सुरुवात केली. अंगद हात जोडून म्हणाला, दिशाला काही कमी पडू देणार नाही. कावळे ढिम्म. सासूबाई पुष्पावती पुढं झाल्या, म्हणाल्या, सुनंला लेकीसारखी वागवीन. त्यावर एक कावळा उडून आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला. त्या परिस्थितीतही मला वाटलं, पाखरू हुशार आहे.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या डोक्यात सकाळपासून एकच घोळत होतं. निघायच्या आधी पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं की विम्याचा माणूस बघून गेलाय, गाडीत आता काही राम नाही, भंगारवाल्याला द्या, तो गॅसनं तुकडे करून नेईल. ते तुकडे मला दिसत होते. मी पुढं गेले आणि बोलले.

‘तुमची गाडी मी भंगारात घालणार नाही. तिला कुणाला कापू देणार नाही. आहे तशी ठेवीन.’

कावळा आला. पिंडाला शिवला नुसता नाही, चांगला दोनदा टोचून गेला. बायका रडायला लागल्या. जीव गाडीत अडकला होता म्हणाल्या. मी पण रडले. नंतर कळलं, मला एवढंच नको होतं. मला हे परत यायला हवे होते, कावळा नको होता.

पोलिसांकडून गाडी सुटली ती सहादेव मिस्त्रींनी टोचन लावून आपल्या गॅरेजात नेली. त्यांचं गॅरेज बाभळेश्वरच्या अलीकडं, नगर-मनमाड रस्त्याला. ठोकलेल्या गाड्या सरळ करणं हेच त्यांचं काम. ह्यांचे जुने दोस्त, दोघं मिळून चहा कमी आणि तंबाखू जास्त. मला वहिनी म्हणतात. पहिले कित्येक दिवस मी तिकडं गेलेच नाही. मिस्त्रींनीही बोलावलं नाही. एकदा निरोप आला, या, जमलं तर, काय करायचं ते ठरवायला लागंल.

मी गेले तेव्हा दिशा बरोबर होती. ती ह्यांच्याकडूनच गाडी शिकली, ह्याच गाडीवर. लायसन काढून झालं होतं आणि बापलेकीचं ठरलं होतं की कॉलेज झाल्यावर दोघांनी पाळ्या लावायच्या. आता तिला ती गाडी चालवायची होती. दुसरी नको, हीच. ती मला म्हणाली नाही की घर चालवायला दुसरं काही नाही. ते मला दिसतच होतं.

गाडी लिंबाखाली उभी होती. उजवीकडची दोन्ही दारं काढून ठेवलेली, आतली प्लास्टिकची कव्हरं काढलेली. खांब उघडा होता. मी त्याला पहिल्यांदा नुसता पाहिला. आतून साधा पत्रा, घडी घातलेला, त्यावर गोल गोल ठिपके, आणि डोक्याच्या उंचीला मधेच आत घुसलेला, पोटात कुणी कोपर मारल्यासारखा.

कव्हर कुठं आहे, एवढंच मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, ठेवलंय वहिनी, आत जपून ठेवलंय. मी बरं म्हटलं. बघायला मागितलं नाही. तेवढा धीर नव्हता, आणि आहे म्हटल्यावर बरं वाटलं.

मग मिस्त्रींनी समजावलं. ह्याला मधला पिलर म्हणतात. छत त्यानं धरलेलं, दारं त्यानं धरलेली, बाजूनं मार आला तर आतल्या माणसाला राखणारा तोच. बाकी सगळं होण्यासारखं आहे. हा मात्र कापून काढायला लागेल. ते ठिपके म्हणजे जोड, एकेक ठिपका ड्रिलनं सोडवायचा, वर छतापाशी आणि खाली पायरीपाशी कापायचं, आणि कंपनीचा नवा पिलर आणून तिथं बसवायचा.

मी म्हटलं, कापायचं नाही. शब्द दिलाय. सरळ करा.

मिस्त्रींना शब्दाचं माहीत होतं, ते पुणतांब्याला होते. मग म्हणाले, सरळ करता येतो. साखळी लावून ओढायचा, तापवून ठोकायचा, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायचा, रंग मारायचा. तुम्हाला सोडा, मला सुद्धा ओळखू येणार नाही.

‘मग तसंच करा की,’ मी म्हटलं.

‘न्हाई करणार,’ मिस्त्री म्हणाले. ‘हा पत्रा एकदा मुडला, तापवला, की मेला. दिसायला खांब, आतनं पापड. दुसऱ्या कुनाची गाडी असती तरी न्हाई केलं. ही तर अजिनाथची हाय.’

मी घरी आले. गाडी लिंबाखालीच राहिली.

कापायचं नाही हे मी धरून बसले त्याला खरं कारण शब्दाचंच होतं का, मला नक्की सांगता येत नाही. तो खांब ह्यांची उशी होती. आणि शेवटी त्यांच्या डोक्याला लागलं तेही तेच. म्हणजे ज्यानं मारलं त्याला मी जपत होते. सासूबाई म्हणायच्या, हिचं डोकं फिरलंय. त्यांनी लेकीसारखी वागवायचा शब्द दिला होता, त्यामुळं आता हक्कानं म्हणायच्या.

अंगद येऊन-जाऊन होता. त्यानं कोपरगावकडं कुणी दुसरा गॅरेजवाला शोधला. तो म्हणाला होता, कापायची काही गरज नाही, दोन दिवसांत ओढून देतो, आरशासारखी करतो. अंगदला वाटलं वहिनी सुटली. मी दिशाकडं बघितलं. दिशा म्हणाली, मम्मी, कसंही कर, पण कर.

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. शब्द राहत होता, गाडी रस्त्यावर येत होती, सगळं बसत होतं. फक्त रात्रंदिवस मिस्त्रींचा तो पापड दातात अडकल्यासारखा अडकला होता. मी अंगदला म्हटलं, जरा थांबू.

अंगद वैतागला. मग बराच वेळ अंगठ्यानं फरशी घासत राहिला आणि म्हणाला, एक सांगू का, पण आईला कळू देऊ नका.

‘वहिनी, त्या दिवशी मी पिंडावर शेव टाकली हुती. ऊन लई झालं हुतं, आई चक्कर येऊन पडायची येळ आलेली. खिशात पुडी हुती. तुमी बोलत हुता तवाच टाकली. कावळा शेवंला आला.’

‘ठाऊक आहे मला,’ मी म्हटलं.

‘ठाऊक हाय?’

‘मी समोरच उभी होते. डोळे पाण्यानं भरले म्हणून काय दिसत नाही का? पण मी शब्द शेवेला दिला नव्हता, भावजी.’

मुंडण केलेल्या डोक्यावर आता बोटभर केस उगवले होते, त्यातून तो हात फिरवत बसला. मला त्याची दया आली. भावासाठी खिशात शेव ठेवणारा दुसरा कोण असणार. ह्यांना चहाबरोबर शेव लागायची, म्हणूनच पुडी घेतली होती त्यानं. कावळ्यासाठी नव्हे. नंतर हळूच नैवेद्यात ठेवणार होता.

शेवटी मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गॅरेजात गेलो, गाडी उचलून कोपरगावला न्यायची म्हणून. मिस्त्रींनी टोचनाची दोरी स्वतः आणून दिली. एवढंच म्हणाले की ओढताना स्टिअरिंगवर कुणीतरी बसायला लागेल.

दिशा म्हणाली, मी बसते.

ती डावीकडच्या दारानं आत शिरली आणि सरकत ड्रायव्हरच्या सीटवर गेली. पट्टा नव्हता. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, अगदी बापानं शिकवले तसे. आणि मान डावीकडं कलती केली. सहज केली. खांब तिच्या उजव्या कानापाशी आत आला होता, तिला सरळ बसायला जागा नव्हती, म्हणून तिनं डोकं बाजूला घेतलं. आपण दारात वाळत घातलेल्या धुण्याखालून जाताना घेतो तसं.

मला म्हणाली, ‘बघ मम्मी, बसता येतंय. जमतंय मला.’

मी त्या मोकळ्या दारातून बघत होते. तिचं डोकं डावीकडं, आणि जिथं असायला पाहिजे तिथं खांब. ह्यांचं डोकं उजवीकडं असायचं. ह्यांना सवय होती. थकलेला माणूस, माणसं सोडून घरी येताना सुद्धा मान त्याच बाजूला झुकत असणार. आणि तिथं आता एका डोक्याएवढी जागाच नव्हती. मला लोकांनी इतकं सगळं सांगितलं होतं, पंचनाम्यात लिहिलं होतं, तरी मला ते कळलं नव्हतं. ते आत्ता कळलं. जागाच नव्हती.

‘उतर खाली,’ मी म्हटलं.

ती म्हणाली, अगं पण जमतंय. मी म्हटलं, उतर.

मग मी मिस्त्रींकडं वळून म्हटलं, ‘कापा.’

अंगदनं दोरी खाली टाकली. मिस्त्रींनी मान हलवली, पण लगेच अवजार हातात घेतलं नाही. नवा पिलर आल्याशिवाय जुना काढायचा नसतो म्हणाले, मापं जुन्यावरनं घ्यायची असतात. मला ते फार आवडलं. नवा आला तेव्हा त्यांनी मला बोलावणं पाठवलं. काळ्या रंगाचा, कोरा, प्लास्टिकमधे गुंडाळलेला, लिंबाला टेकवून उभा केला होता. नवरदेवासारखा, आणि तितकाच मठ्ठ.

मिस्त्रींनी टेपनं आडवी-तिरपी मापं घेतली, शाबूत डाव्या बाजूशी ताडून पाहिली. मग गॅरेजातली सगळी ठोकाठोक बंद करायला लावली आणि मला म्हणाले, ‘वहिनी, तुमी त्याला सांगा आधी. मग मी मशीन लावतो.’

सगळे जरा लांब गेले. मी खांबाशी उभी राहिले. काय बोलायचं सुचेना. लग्नात उखाणा सुद्धा दुसऱ्यानं पाठ करून घेतलेला. शेवटी म्हटलं, अहो, शब्द मोडते. पोरगी बसणार आहे इथं. मग वर बघितलं, लिंबावर, पत्र्यावर, विजेच्या तारेवर. एकही कावळा नव्हता. नको तेव्हा असतात, हवे तेव्हा नसतात.

‘झालं,’ मी मिस्त्रींना म्हटलं.

ठिपके एकेक सुटत गेले. ठिणग्या उडाल्या तेव्हा मी दिशाचा हात धरला, किंवा तिनं माझा धरला. खांब सुटून बाहेर आला तेव्हा मिस्त्रींनी तो जमिनीवर टाकला नाही, दोन्ही हातांनी उचलून पोत्यावर ठेवला. मी हात लावून बघितलं. हलका होता. आत पोकळ. एवढ्याशा वस्तूवर माणूस इतकी वर्षं निर्धास्त झोपला.

नवा बसवताना त्यांनी घाई केली नाही. आधी नुसता अडकवला, दारं लावून बघितली, फट सगळीकडून सारखी येते का पाहिलं, पुन्हा सोडला, पुन्हा लावला. मगच पक्का जोडला. दार मिटल्याचा आवाज आला तो गाडी नवी होती तेव्हाचाच. दिशा हसली. कित्येक महिन्यांनी. मला तेवढ्यावर परत यायला हवं होतं, पण माझं मागणं राहिलं होतं.

मी मिस्त्रींना म्हटलं, आता ते जुनं कव्हर द्या. नव्यावर नवं लावा, मला ते नकोय गाडीत. मला घरी पाहिजे.

ते लगबगीनं आत गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून ठेवलेलं होतं. खरंच जपून. माझ्या हातात देताना ते सांगायला लागले.

‘वहिनी, गाडी आनली त्याच दिवशी मी एकट्यानं आतनं सगळं साफ केलं. पोरांना लावू दिलं न्हाई हात. तुमाला बघवलं नसतं. कव्हर तर लई खराब झालं हुतं, रगडून रगडून काढलं सगळं.’

मी सुतळी सोडली. कव्हरला एक चीर गेली होती. बाकी राखाडी, स्वच्छ, एकसारखं. डोक्याच्या उंचीला मी बोट फिरवलं. वास घेतला. खोबऱ्याचा नव्हता. ते प्लास्टिक गाडीबरोबर आलं त्या दिवशी होतं तसं झालं होतं, ह्यांचं डोकं त्याला टेकायच्या आधीचं.

मिस्त्री माझ्याकडं बघत होते. त्या माणसानं ते सगळं एकट्यानं पुसलं होतं, माझ्यासाठी, आपल्या दोस्ताचं. त्यांना मी काय सांगणार.

‘कशानं काढलं?’ मी विचारलं.

‘थिनरनं.’

‘थिनरनं निघतं होय,’ मी म्हटलं. ‘मी इतकी वर्षं साबणानं घासत होते.’

मिस्त्री हसले. मी पण हसले. मग तिथंच, पोत्याशेजारी, जुन्या खांबापाशी खाली बसले, आणि दिशाला मला उठवायला बराच वेळ लागला.

गाडी आता शिर्डीला जाते. दिशा चालवते. बाईमाणूस ड्रायव्हर म्हणून काही भाविक आधी कचरतात, मग तिच्याचबरोबर फोटो काढतात. पार्किंगमधे ती झोपत नाही. ताठ बसून मोबाईल बघते. डोक्याला तेल लावत नाही, चिकट वाटतं म्हणते.

परवाच्या गुरुवारी मी डबा घेऊन गेले. ती पाण्याची बाटली आणायला उतरली तेव्हा मी सरकून तिच्या जागी बसले. सकाळी न्हाऊन भरपूर तेल लावलं होतं मी, उगाच नव्हे. सीट जरा मागं घेतली, मान उजवीकडं टाकली आणि डोकं खांबाला लावलं. गार होता. बाहेर फुलवाले ओरडत होते, कुणाची तरी गाडी मागं घेताना पिपाणी वाजत होती. ह्यांना ह्या आवाजात झोप कशी लागायची, हे विचारायचं राहून गेलं.

दिशा परत आली. मी पुन्हा बाजूच्या सीटवर सरकले. तिनं बसता बसता कव्हरवर उमटलेला पुसट तेलकट ठसा पाहिला. दाराच्या कप्प्यातलं फडकं तिनं उचललं, माझ्याकडं बघितलं, आणि पुढची काच पुसायला लागली.